टन-किलोमीटरचा धूर : मालवाहतुकीच्या उत्सर्जन-गणकाचे एक वर्ष

आमचा कारखाना जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओतायचे आणि बिलेट लाटून सळई काढायची, हे आमचे काम. माझ्याकडे आवक आणि रवानगी या दोन्ही विभागांची जबाबदारी असल्यामुळे भाडे, बिल्ट्या, वजनकाट्याच्या पावत्या आणि गाडीमालकांची उधारी हाच माझा रोजचा व्यवहार आहे. धुराचाही हिशेब ठेवावा लागेल असे कधी वाटले नव्हते. ती वेळ एका मोठ्या ग्राहकाने आणली. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरणीय व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आणि त्या अहवालाची प्रश्नावली हळूहळू पुरवठादारांच्या टेबलावर येऊ लागली. कच्चा माल कारखान्यात आणताना आणि तयार माल पोहोचवताना किती कार्बन डायऑक्साइड, किती नायट्रोजन ऑक्साइड आणि किती सूक्ष्म धूलिकण हवेत गेले, असा प्रश्न आमच्यासमोर आला आणि त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही वार्षिक वर्गणीची एक ऑनलाइन गणनसेवा घेतली. तिला आता वर्ष होत आले आहे. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या त्रुटींपैकी काही दुरुस्त होण्याच्या मार्गावर आहेत आणि काहींत आमच्या अज्ञानाचाही वाटा आहे.

माझे मत आधीच सांगतो. डिझेलचे लिटर आपण स्वतः भरले तर या सेवेचा कार्बन डायऑक्साइडचा रकाना विश्वासार्ह आहे. रस्ता आणि रेल्वे यांची तुलना करणारा भाग उपयुक्त आहे, पण मालाचा प्रत्यक्ष मार्ग माहीत असलेल्या माणसाने तो दुरुस्त करून घेतला तरच. नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकण यांचे रकाने मात्र कोणाच्याही अहवालात छापण्याच्या योग्यतेचे नाहीत, मग ते दशांशचिन्हापुढे दोन अंक दाखवोत की चार.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. कोठून कोठे, किती टन, कोणते वाहन, एवढे भरले की नकाशावर मार्ग उमटतो आणि खाली चार आकडे येतात : कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकण. पहिल्या दिवशी आमच्या लेखापालांना हे फारच आवडले होते. संगणकाने एवढे थोडे प्रश्न विचारून एवढे नेमके उत्तर द्यावे, याबद्दल मला त्याच दिवशी शंका आली होती. पण ती शंका शब्दांत मांडायला मला सहा महिने लागले.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत संगणकाला फार हुशारी लागतही नाही. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंजिन जुने असो वा नवे, गाडी घाट चढत असो वा समृद्धीवर धावत असो, डिझेलमधला कार्बन कुठे जात नाही. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो लिटरचा. सेवा तो दोन प्रकारे सोडवते : एक तर आपण प्रत्यक्ष डिझेल भरायचे, नाहीतर टन आणि किलोमीटर भरायचे आणि बाकीचे तिच्या तक्त्यांवर सोपवायचे. आम्ही सुरुवातीला दुसरा मार्ग धरला, कारण गाड्या आमच्या नाहीत आणि गाडीमालकाला डिझेलची पावती मागणे म्हणजे त्याच्या नफ्याचा हिशेब मागण्यासारखे होते. पुढे दोन गाडीमालकांनी पावत्या द्यायचे कबूल केले, तेव्हा तक्त्याचा आणि पावतीचा आकडा यांतील फरक समजला. तक्ता सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणारी गाडी गृहीत धरतो. आमची गाडी न्हावा शेव्याहून भंगार घेऊन निघते, बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून थांबते, कसारा घाट चढते आणि कारखान्याच्या काट्यावर पुन्हा तासभर उभी राहते.

येथे एक खटकणारी गोष्ट सांगायला हवी. डिझेल जळताना होणारे उत्सर्जन आणि तेलविहिरीपासून पंपापर्यंत डिझेल आणताना झालेले उत्सर्जन धरून होणारे एकूण उत्सर्जन, हे दोन वेगळे आकडे आहेत. वाहतुकीचे उत्सर्जन मोजण्याच्या युरोपच्या ईएन १६२५८ या २०१२ च्या मानकात पहिला लिटरला २.६७ किलो आणि दुसरा ३.२४ किलो धरला होता. त्या मानकाची जागा आता २०२३ च्या आयएसओ १४०८३ ने घेतली आहे आणि त्यात संपूर्ण साखळीचाच हिशेब अपेक्षित आहे. सेवेत या दोन्हींसाठी एक छोटी कळ आहे, पण ती ‘प्रगत’ नावाच्या पडद्याआड आहे आणि अहवालाच्या पानावर कोणती पद्धत वापरली हे उमटत नाही. परिणामी आमची पहिली तिमाही एका पद्धतीने आणि दुसरी तिमाही दुसऱ्या पद्धतीने ग्राहकाकडे गेली, आणि उत्सर्जन एकदम वीस टक्क्यांनी का वाढले, या प्रश्नाला मला उत्तर द्यावे लागले. उत्तर मिळायला चार दिवस गेले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे येणारे आयात भंगार न्हावा शेवा बंदरातून कंटेनरने येते. साधारण २५ टनांचा एक कंटेनर धरू. रस्त्याने हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. भरलेला ट्रेलर लिटरला साडेतीन किलोमीटर देतो असे धरले तर ११४ लिटर डिझेल आणि सुमारे ३०६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो; रिकामा कंटेनर घेऊन तोच ट्रेलर परत गेला आणि त्याने लिटरला पाच किलोमीटर दिले, तर आणखी २१४ किलोची भर पडते. सेवेच्या तुलनेच्या पडद्यावर याच कंटेनरसाठी रेल्वेचा आकडा ८० किलो आला. पाचशे वीसच्या समोर ऐंशी! आमच्या संचालकांनी तो पडदा मोबाइलवर टिपून घेतला आणि पुढच्या महिन्यापासून सगळे भंगार रेल्वेनेच आणायचे, असे ठरवूनही टाकले.

ऐंशीचा आकडा कसा आला ते शोधणे, हे या वर्षातले माझे सर्वांत उपयोगी काम ठरले. सेवेने बंदर ते जालना स्थानक हा सगळा प्रवास रेल्वेने धरला होता, म्हणजे सुमारे ४४७ किलोमीटर; हजार टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेणे म्हणजे एक टन-किलोमीटर) दहा युनिट वीज आणि युनिटमागे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. यातला शेवटचा आकडा योग्य आहे, कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या माहितीनुसार देशाच्या वीजजाळ्याचा गुणक अलीकडच्या वर्षांत याच्या आसपास आहे. विजेचे गृहीतही मान्य करण्यासारखे आहे; जालन्याच्या बाजूला ३० डिसेंबर २०२३ रोजी मुंबईची पहिली वंदे भारत सुटली तेव्हाच मनमाडपर्यंतची विजेची तार ओढून झालेली होती. चूक निराळ्याच ठिकाणी आहे. आमचा कंटेनर रेल्वेने जालना स्थानकावर उतरत नाही. त्याचा रेल्वेप्रवास दौलताबादजवळच्या माळीवाडा येथील कंटेनर डेपोत संपतो आणि तेथून जालन्यापर्यंतचे सुमारे ७५ किलोमीटर तो ट्रेलरवरच येतो.

मग हिशेब असा होतो. बंदर ते माळीवाडा हे रेल्वेचे सुमारे ३७० किलोमीटर अंतर आणि त्याचे साधारण ६७ किलो. माळीवाडा ते जालना भरलेला ट्रेलर, २१ लिटरच्या वर, म्हणजे ५७ किलो. तोच ट्रेलर रिकामा कंटेनर घेऊन डेपोत परत, १५ लिटर, म्हणजे ४० किलो. म्हणजे तीनशे सत्तर किलोमीटरच्या रेल्वेप्रवासापेक्षा या पंचाहत्तर किलोमीटरच्या ये-जाचे उत्सर्जन जास्त आहे आणि एकूण आकडा ८० नसून १६५ च्या आसपास आहे. रिकामा कंटेनर रेल्वेने बंदरात परत नेण्याची भर तर यात धरलेलीच नाही. रेल्वे तरीही रस्त्यापेक्षा पुष्कळच स्वच्छ ठरते, साधारण एक तृतीयांश. पण जो कारखानदार ऐंशीच्या आकड्यावर ग्राहकाला आश्वासन देईल, त्याला पुढच्या वर्षी तोंड लपवावे लागेल. शिवाय या हिशेबाने एक गोष्ट उघड केली, जी कुठल्याही तक्त्यात नव्हती : जालन्याच्या ड्राय पोर्टची, म्हणजे कंटेनर रेल्वेने थेट उतरवण्याच्या जमिनीवरच्या बंदराची, पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, तेव्हापासून त्याची चर्चा आपल्याकडे केवळ भाड्याच्या बचतीच्या अंगाने होत आली आहे, प्रत्यक्षात माल थेट जालन्यात रुळावरून उतरणे म्हणजे या ९७-९८ किलोंपैकी जवळपास सगळे वाचणे आहे.

रिकाम्या फेऱ्यांबाबत सेवेचे वागणे आणखी विचित्र आहे. रस्त्यासाठी ती एक ठरावीक टक्का रिकामी धाव आपोआप जोडते आणि तो टक्का बदलता येतो, हे चांगले आहे. पण आमच्या सळईच्या काही गाड्या मुंबईकडे माल उतरवून तिकडचे सुटे भंगार भरून परत येतात. त्या गाडीला रिकामी फेरी नसतेच. सेवेने जाताना एकदा आणि येताना एकदा अशी दोन्ही खेपांना रिकामी धाव लावली, म्हणजे जी गाडी कधी रिकामी धावलीच नाही तिच्या माथी रिकामे किलोमीटर मारले. रेल्वेच्या बाजूला तर रिकाम्या वाघिणींचा टक्का बदलण्याची सोयच नाही.

ही शेवटची अडचण नीट तपासावी म्हणून मी एक जुना प्रसंग सेवेत भरून पाहिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, हे मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर होते. पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर येऊ लागले. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन, आणि मार्ग सुमारे ३४० किलोमीटर. गणकासाठी याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही, कारण माल एकच, थांबा एकच आणि परतीच्या वाघिणी शंभर टक्के रिकाम्या. सेवेने हा प्रवास विजेच्या इंजिनाने झाला असे धरले. त्या काळी त्या मार्गावर तार नव्हती, गाडी डिझेलवरच ओढली जात होती. इंजिनाचा प्रकार बदलता आला. रिकाम्या परतीचा टक्का बदलता आला नाही. २५ हजार लिटरचे शंभर टँकर रोज तेवढ्याच अंतरावर धावले असते तर काय झाले असते, हेही मी भरून पाहिले. रेल्वे तिथेही उजवीच ठरली. पण उजवी किती, हे सांगण्याची या सेवेची पात्रता नाही, एवढे मला त्या संध्याकाळी कळले.

आता प्रदूषकांच्या रकान्यांकडे. नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकण डिझेलच्या लिटरवरून कळत नाहीत. ते इंजिन कसे आहे, त्याच्या मागे धूर शुद्ध करणारी यंत्रणा कोणती आहे आणि ती चालू आहे का, यावर ठरतात. भारत स्टेज हे वाहनांच्या धुराच्या मर्यादांचे सरकारी टप्पे. त्यांतल्या तीनच्या जड इंजिनाला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा इंजिनाच्या कामाच्या दर युनिटला (किलोवॅट-तासाला) ५ ग्रॅम होती, चारमध्ये ३.५ ग्रॅम झाली आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात प्रत्यक्ष वाहतुकीसारख्या चाचणीत ती ०.४६ ग्रॅमवर आली. आमच्या चारशे किलोमीटरच्या खेपेत इंजिन साधारण ४५० युनिट काम करते. म्हणजे कागदावरच्या मर्यादेने एकच कंटेनर जुन्या तीनच्या गाडीने आणला तर सव्वादोन किलो, चारच्या गाडीने दीड किलोपेक्षा थोडा अधिक आणि सहाच्या गाडीने सुमारे दोनशे ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड होतो. कार्बन डायऑक्साइड तिन्ही वेळा जवळजवळ सारखाच. सेवेत मात्र वाहनाच्या यादीत ‘जड ट्रक’ असा एकच पर्याय आहे आणि तिन्ही गाड्यांना ती एकच आकडा देते, तोही ग्रॅमच्या दोन दशांशापर्यंत.

सेवेच्या मदतकक्षाने यावर असे सुचवले की नोंदणीचे वर्ष भरण्याची सोय पुढे देऊ. ती द्यायलाच हवी. आरसी बुकातली तारीख पाहून निदान सहावा टप्पा तरी वेगळा काढता येतो. पण तेवढ्याने काम भागत नाही. सहाव्या टप्प्याची गाडी स्वच्छ राहते ती धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या तिच्या युरियाच्या टाकीमुळे. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका चालकाने काट्यावर मला सांगितले, “युरियाची टाकी रिकामी झाली की गाडी ओढत नाही साहेब, म्हणून काही जण तो डबाच बंद करून घेतात.” असा ‘डबा’, म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा, बंद केलेली गाडी कागदावर सहाची आणि नळकांड्यातून जुन्या काळातली असते. पीयूसीच्या प्रमाणपत्राचाही येथे उपयोग नाही, कारण डिझेल गाडीची पीयूसी धुराची घनता मोजते. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. धूलिकणांच्या बाबतीत आणखी एक मोठी भर मोजायची राहून जाते : टायर, ब्रेक आणि रस्त्यावरून उडणारी धूळ. औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या आतल्या रस्त्यावरून उन्हाळ्यात एक भरलेला ट्रेलर गेला की मागे जे उठते, त्याला कुठल्या टप्प्याच्या इंजिनाचा दोष द्यायचा?

या सेवेचे तक्ते युरोपच्या वाहनांवर बेतलेले आहेत, हे तिने आपल्या माहितीपानावर प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि त्यासाठी तिला श्रेय द्यायला हवे. भारतीय वाहनांचे गुणक ठरवण्याचे काम पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने २००७-०८ च्या सुमारास केले होते. तेव्हा सहावा टप्पा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्यामुळे एकीकडे परदेशातले नवे आकडे आणि दुसरीकडे देशातले जुने आकडे, अशा कात्रीत अशी प्रत्येक सेवा सापडते. इकोट्रान्झिट वर्ल्ड या मोफत वापरता येणाऱ्या गणकातही नायट्रोजन ऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकण वेगळे दाखवले जातात. आपल्या रेल्वेनेही २०२२ पासून मालवाहतुकीच्या ग्राहकांना वाचलेल्या कार्बनचे ‘ग्रीन पॉइंट्स’ दाखवायला सुरुवात केली. तो आकडा रुळावरच्या प्रवासाचा आहे. डेपोपासून कारखान्यापर्यंतचे ७५ किलोमीटर आपण स्वतःच त्यातून वजा करून पाहायचे.

प्रदूषकांच्या बेरजेबद्दल माझी एक हरकत अशी आहे की ती मूळ पद्धतीवरच येते, या सेवेपुरती नाही. कार्बन डायऑक्साइड कुठेही सोडला तरी त्याचा परिणाम सारखाच, म्हणून त्याची बेरीज करणे रास्त आहे. धूलिकणांचे तसे नाही. न्हावा शेव्याच्या रांगेतला, इगतपुरीच्या जंगलातला आणि जालन्याच्या वस्तीतला एक ग्रॅम एकाच रकान्यात मिळवणे म्हणजे पाऊस कुठे पडला हे न सांगता जिल्ह्याची सरासरी सांगणे. विजेच्या रेल्वेचा धूर तर रुळाजवळ निघतच नाही; तो निघतो औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून, मग ते परळी वैजनाथचे असो वा आणखी कुठले. सेवा हा वीजनिर्मितीचा धूर रेल्वेच्या रकान्यात धरते, हे बरोबर आहे, पण त्या ग्रॅमचे गाव कोणते, हे ती सांगत नाही. किमान शहरातला आणि शहराबाहेरचा असे दोन भाग तरी तिने करावेत, ही मागणी आम्ही लेखी कळवली आहे.

घाटाचाही उल्लेख करायला हवा. बंदराकडून येणारी मालगाडी कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढते तेव्हा चढ ३७ मीटरला १ मीटर एवढा असतो आणि मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. भंगार येताना हा चढ आहे, सळई जाताना उतार. सेवेच्या लेखी दोन्ही दिशा सारख्याच. ट्रकच्या बाबतीत पावतीतल्या लिटरमध्ये चढ आपोआप येतो. रेल्वेची वीज आपल्याला मोजता येत नाही, त्यामुळे तिथे सेवेच्या सरासरीवरच राहावे लागते.

वर्गणी आमच्यासारख्या मध्यम कारखान्याला परवडणारी आहे. महिन्याला दोन-तीन खेपांच्या भाड्याइतकी. मदतकक्ष नम्र आहे आणि उत्तर इंग्रजीत का होईना, दोन दिवसांत देतो. मराठी पडदा नाही, त्यामुळे आवक विभागातल्या मुलांना रकाने समजावून देण्यात पहिला महिना गेला. सर्वांत मोठा फायदा मात्र सेवेच्या यादीत लिहिलेलाच नाही : तिच्यामुळे आम्ही गाडीनिहाय डिझेलची वही ठेवायला लागलो, आणि त्या वहीतून असे निघाले की उत्सर्जनाइतकेच भाडेही काट्यावरच्या आणि बंदरातल्या थांबण्यात जाते. काट्यासमोर आता वेळेचे टोकन देतो.

वर्गणीचे नूतनीकरण आम्ही आणखी एका वर्षासाठी केले आहे. ग्राहकाला पाठवायच्या अहवालात यापुढे कार्बन डायऑक्साइड पावतीच्या लिटरवरून आणि संपूर्ण साखळीच्या गुणकाने जाईल. रेल्वेच्या खेपेला माळीवाड्यापासूनचा ट्रेलर वेगळ्या ओळीत दिसेल. नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकण यांच्या जागी आम्ही गाड्यांची टप्प्यानुसार संख्या देणार आहोत : तीनच्या किती, चारच्या किती, सहाच्या किती. सेवेकडे आम्ही आणखी तीन सुधारणा मागितल्या होत्या. नोंदणीचे वर्ष आणि रेल्वेच्या रिकाम्या परतीचा टक्का हे दोन रकाने चाचणीसाठी उघडले आहेत. युरियाच्या वापराचा रकाना पुढच्या आवृत्तीत येईल, असे कळवले आहे.